झाकणाचा चौथा बोल्ट

सोनगीरच्या तानुबाईला दोन मुलगे होते आणि दोघांत मिळून एक मोटरसायकल होती. बाकीचं सगळं वाटून झालं होतं. शेत वाटलं, घराच्या मधोमध भिंत आली, विहिरीच्या पाण्याची पाळी ठरली आणि तानुबाईचीही ठरली. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत ती थोरल्या झुलालकडे जेवायची, पुढचा महिना धाकट्या वनाकडे. बैल, भांडी, मळ्यातले आंबे यांचा निकाल पंचांनी भराभर लावला, पण मोटरसायकलीपाशी येऊन तेही दमले. ती आबांनी, म्हणजे या दोघांच्या बापानं, कापूस चांगला पिकला त्या वर्षी घेतली होती आणि पुढच्याच वर्षी आबा गेले. विकायची म्हटलं तर दोघांनाही नको आणि एकाला द्यायची म्हटलं तर दुसऱ्याच्या अंगाचा तिळपापड. शेवटी पंचांनी गाडीलाही विहिरीचाच न्याय लावला. बाजाराच्या दिवशी पाळी बदलायची. या बाजारापासून त्या बाजारापर्यंत गाडी एकाची. एवढं सांगून पंच चहा पिऊन निघून गेले. त्यांचं काय जात होतं?

भांडण पेटलं ते कशावरून, हे ऐकून कुणीही कपाळावर हात मारला असता. गाडीच्या इंजिनाला दोन्ही बाजूंनी धरून बसणारं एक काळं प्लास्टिकचं झाकण होतं, चार बोल्टांवर बसवलेलं. चिखल उडू नये आणि गाडी जरा भारी दिसावी, एवढंच त्याचं काम. वना म्हणे, ते काढून टाकायचं. धुळ्याच्या रतिलाल मेकॅनिकनं त्याला सांगितलं होतं की आपल्याकडच्या उन्हात इंजिनाला वारा मिळाला नाही तर ते एक दिवस भर रस्त्यात जाम होऊन बसेल. झुलाल म्हणे, ठेवायचं. त्याचा साला जळगावला गाड्यांच्या दुकानात कामाला होता आणि त्यानं सांगितलं होतं की झाकण काढलं की धूळ बसून इंजिनाची वाट लागते. दोघांकडे आपापला जाणकार होता. खरं काय ते मात्र दोघांनाही कळून घ्यायचं नव्हतं, कारण ते कळलं असतं तर एकाला हार खावी लागली असती.

मग दर बाजाराला तोच तमाशा. वनाची पाळी सुरू झाली की तो अंगणात गाडी उभी करून पाना घेऊन बसायचा आणि चारी बोल्ट काढून झाकण झुलालच्या ओट्यावर फेकायचा. पुढच्या बाजाराला झुलाल तेच झाकण धुऊन पुसून, गल्लीला दिसेल अशा बेतानं परत बसवायचा. पावसाळा गेला, हिवाळा गेला, झाकण निघतच राहिलं आणि बसतच राहिलं. बोल्टांचे आटे झिजून गेले. वनाला एकदा कुणीतरी विचारलं, बाबा, इतका कसला हट्ट? तर तो झुलालच्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "इंजिनले वारा नको का लागाले? तोंडवर फडकं बांधीसन पळी दखाडा म्हना." तोंड बांधून पळून दाखवायचं हे आव्हान झुलालला होतं.

झुलालचं उत्तर भिंतीपलीकडून आलं. "आबानी लिन्ही ती गाडी. आबा व्हतात तवय झाकन व्हतं, आते बी ऱ्हाई."

आबांचं नाव घेतलं की झुलालला आपण जिंकलो असं वाटायचं. तानुबाईला मात्र संताप यायचा. आबा जिवंत असते तर त्यांनी हे झाकण दोघांच्या टाळक्यात घातलं असतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण ती बोलायची नाही. या महिन्यात ज्याच्या घरी जेवायचं त्याच्या विरुद्ध बोललं तर ताटात भाकर आदळली जायची आणि दुसऱ्याच्या विरुद्ध बोललं तर पुढच्या महिन्यात आदळली जायची. दोघी सुना तोंडानं गोड होत्या, पण कान नवऱ्यांना दिलेले.

तिला खरी काळजी होती ती द्रौपदाची. द्रौपदा तिची एकुलती एक लेक, पिंपळनेरला दिलेली. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, पण ती आपणहून येत नाही. भावानं जाऊन तिला घेऊन यावं लागतं. गेल्या आखाजीला बाजाराचा दिवस नेमका मधे आला आणि दोघांत वाद पेटला की बहिणीला आणायला गाडी न्यायची कुणाच्या पाळीत. थोरला म्हणे मान माझा, धाकटा म्हणे पाळी माझी. एस.टी.नं जायचं दोघांच्याही मनात आलं नाही, कारण गाडी दाराशी उभी ठेवून एस.टी.नं जाणं म्हणजे दुसऱ्याला जिंकू देणं. शेवटी कुणीच गेलं नाही. तिकडे द्रौपदा पिशवी भरून दारात बसली होती. गल्लीतल्या सगळ्या सुना माहेरी गेल्या, निंबावर माहेरी आलेल्या लेकींचे झोके बांधले गेले आणि तिची सासू पार्वताबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून सांगत होती, आमच्या सुनेचं माहेर आटलं म्हणून.

यंदा द्रौपदानं गावच्या एका सोयऱ्याबरोबर आईला निरोप पाठवला होता. यंदा न्यायला कुणी आलं नाही तर पुन्हा माझी वाट पाहू नका, मी समजेन माझं तिकडे कुणी नाही. द्रौपदा लहानपणापासून अशीच, बोलली की तसंच करणारी. तो निरोप ऐकल्यापासून तानुबाई आखाजीचे दिवस बोटांवर मोजत होती. नवरा गेला, घर मधोमध चिरलं, तेही तिनं सोसलं. पण लेक तुटली तर जगायचं कशाला, असं ती स्वतःशीच बोलायची.

म्हणून होळीनंतरच्या एका बाजाराला तिनं एक गोष्ट केली.

झुलालनं झाकण बसवायला घेतलं होतं. चारी बोल्ट ओट्यावर ठेवून तो पाणी प्यायला आत गेला. तानुबाई तिथंच तूर निवडत बसली होती. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि एक बोल्ट उचलून पदरात घेतला. संध्याकाळी तो आपल्या पत्र्याच्या पेटीत, कुंकवाच्या करंड्यात टाकला. आबा गेल्यापासून करंडा रिकामाच होता.

तिच्या डोक्यात बैलगाडीचा हिशोब होता. तरुणपणी एकदा आबा आणि त्यांचा चुलतभाऊ बांधावरून मारामारी करायला बैलगाडी जुंपून निघाले होते. तिनं हळूच चाकाची खीळ काढून चुलीमागे लपवली. खिळीशिवाय चाक आसावर राहत नाही आणि खिळीशिवाय गाडी हाकायला कुणी वेडा नसतो. दोघं दिवसभर खीळ शोधत, शिव्या देत बसले आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा राग गार पडला. तेव्हा जमलं ते आता का जमू नये? बोल्ट नाही तर झाकण बसणार नाही, झाकण बसलं नाही की भांडायला काही उरणार नाही आणि आखाजीला कुणीतरी मुकाट्यानं गाडी काढून पिंपळनेरला जाईल, असं ती धरून चालली.

पण मोटरसायकल म्हणजे बैलगाडी नव्हे. झुलाल बाहेर आला, त्यानं बोल्ट मोजले आणि सरळ भिंतीपलीकडे तोंड करून वनाला चोर म्हणाला. वना म्हणाला, स्वतःच हरवून माझ्यावर ढकलतोस. दुकानातून नवा बोल्ट आणायला झुलाल तयार नव्हता, ज्यानं लपवला त्यानंच आणावा हा त्याचा हेका. त्यानं घरातून बांधायची तार आणली, बोल्टाच्या भोकातून ओवली, झाकणाचा तो कोपरा पिळा मारून आवळून टाकला आणि गाडीला किक मारून गावातून एक चक्कर मारून आला. वना आपल्या पाळीत तार तोडायचा. झुलाल पुन्हा बांधायचा. तानुबाई पाहत राहायची आणि रोज रात्री ठरवायची की उद्या बोल्ट काढून देईन. सकाळी दोघांची तोंडं पाहिली की तिची जीभ उचलायची नाही. आता दिला तर चोर ती ठरणार होती.

आखाजी दोन दिवसांवर आली. तानुबाई त्या महिन्यात वनाकडे होती आणि गाडी झुलालकडे. त्या संध्याकाळी तिनं दोघांना अंगणात बोलावलं. वाटणीनंतरच्या चार वर्षांत ती पहिल्यांदाच दोघांशी एकदम बोलत होती. "दुरपदाले लई या. मंग तुम्हनं काय करनं ते करा. यंदा ती उनी नही, त मी कोनाच घरमा घास खावाव नही."

लेक आल्याशिवाय आई घासाला शिवणार नव्हती. बहिणीला आणायला झुलालनं हो म्हटलं. आईसाठी म्हटलं की वनाच्या नाकावर टिच्चून, ते त्याचं त्याला माहीत. तानुबाईला त्याच्याशी घेणं नव्हतं. त्या रात्री तिला शांत झोप लागली.

सकाळी उजाडताच झुलाल अंगणात तयारीला लागला. पांढरा पायजमा, टोपी, हँडलला पिशवी. बहिणीच्या सासरी जायचं म्हणून गाडी धुतली होती आणि झाकणावर खोबरेल तेलाचा हात फिरवला होता. तार मात्र जुनी झाली होती. त्यानं ती सोडून परत पिळली, पण झाकणाचा पुढचा कोपरा खाली आला, जिथं इंजिनातून सायलेन्सरची नळी बाहेर पडते अगदी तिच्याजवळ. झुलालला ते दिसलं नाही. तो उभ्यानं पाहत होता, आणि झाकण आहे एवढंच त्याला दिसायला हवं होतं.

वनाला मात्र दिसलं. तो आपल्या ओट्यावर दात घासत उभा होता आणि त्याचं बोट तोंडात तसंच थांबलं. त्याची नजर त्या कोपऱ्यावर गेली, नळीवर गेली, पुन्हा कोपऱ्यावर आली. तानुबाईनं मुलाचं तोंड पाहिलं. या मुलाला तिनं जन्म दिला होता, त्याच्या पोटात काय चाललंय ते तिला सांगावं लागत नव्हतं. ती त्याच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, काही खटकतंय तर सांग त्याला.

"मनी पाळी नही," वना म्हणाला आणि चूळ भरायला वळला.

तानुबाई आत धावली. तिनं पेटी उघडली, करंडा हातात घेतला. बाहेर झुलाल किक मारत होता. आता बोल्ट नेऊन दिला तर काय होईल ते तिला लख्ख दिसलं. झुलाल गाडी बंद करेल. बोल्ट वनाच्या घरातून आला म्हणेल. वना बाहेर येईल. गल्ली गोळा होईल, दुपार होईल आणि तिकडे द्रौपदा पिशवी घेऊन दारात बसलेली असेल. एका झाकणाचं काय एवढं? पडलं तर पडेल. तिनं करंडा परत पेटीत ठेवला. गाडी गल्लीतून गेल्याचा आवाज तिनं आत बसूनच ऐकला.

दिवसभर तिनं हात थांबू दिले नाहीत. पुरणाची डाळ निवडली, आंबे पाण्यात टाकले, द्रौपदासाठी कॉट ओढून सावलीत घेतली. अंगणात दोन घागरी मांडल्या होत्या. आखाजीला पितरांच्या नावानं घागर भरतात. आबांच्या नावानं या घरात दोन भरायच्या, कारण पितरही वाटून घेतलेले. ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीतून हलत नव्हती.

उन्हं कलली तेव्हा गाडी आली. आधी तिला जळक्या प्लास्टिकचा वास आला. मग झुलाल दिसला, काळवंडलेला, टोपी नसलेला. मागे द्रौपदा बसली होती आणि तिचा डावा पाय घोट्यापासून बोटांपर्यंत पांढऱ्या पट्टीत होता. अर्धं झाकण हँडलला टांगलेलं होतं, खालून वितळून वेडंवाकडं झालेलं.

काय झालं ते द्रौपदानंच सांगितलं, कॉटवर पाय लांब करून, दात आवळून. येताना साक्री मागे पडली आणि पुढून धूर यायला लागला. झाकण खाली सरकून तापलेल्या नळीला चिकटलं होतं आणि वितळत होतं. झुलालनं गाडी थांबवली, पण त्याला सुचेना. टाकीत पेट्रोल, खाली धूर. ती उतरली आणि पायानंच ते झाकण ओढून काढायला गेली. चप्पल निसटली आणि उकळतं प्लास्टिक पावलाला बसलं. सोलून काढताना कातडंही आलं. वाटेतल्या एका दवाखान्यात पट्टी केली. डॉक्टर म्हणाला, महिनाभर पाय खाली टेकू नका.

तानुबाई लेकीच्या पायाशी बसली. पट्टीला हात लावायची तिची हिंमत झाली नाही. लेक आली होती, आणि अशी आली होती.

तिला वाटलं, आता तरी दोघं गप्प बसतील. ते दोघं बहिणीच्या कॉटच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि तिच्या पायावरून भांडायला लागले. वना म्हणाला, मी दोन वर्षं ओरडतोय, झाकण काढा, झाकण काढा. माझं ऐकलं असतं तर आज हा पाय जळला नसता. झुलाल म्हणाला, बोल्ट जागेवर असता तर झाकण हललं नसतं. ज्यानं बोल्ट चोरला त्यानं हा पाय जाळला. आवाज चढले. सुना दारात आल्या, शेजारचे भिंतीवरून डोकावले. झुलालनं हँडलवरचं ते वितळलेलं झाकण उपसून वनाच्या छातीवर फेकलं. वनानं त्याची गचांडी धरली. द्रौपदा डोळे मिटून पडली होती.

तानुबाई उठली. आत गेली आणि करंडा घेऊन बाहेर आली. तिनं करंडा उघडून बोल्ट दोघांच्या मधे जमिनीवर टाकला.

"बोल्ट मी लिन्हा व्हता," ती म्हणाली. "तुम्हनं भांडन थांबी असं वाटनं माले."

दोघांनी एकमेकांना सोडलं. झुलालनं वाकून बोल्ट उचलला, बोटांत फिरवून पाहिला. मग तो आईकडे असा बघायला लागला जसा तो आजपर्यंत फक्त वनाकडे बघत आला होता. "तू? माय व्हईसन?"

तानुबाईनं वनाकडे पाहिलं. सकाळी ओट्यावर थांबलेलं त्याचं बोट तिला आठवलं. तो काही बोलेल असं तिला वाटलं. चूक सगळ्यांची आहे, मलाही दिसलं होतं, असं एखादं वाक्य. एवढं तरी तिचं त्याच्याकडे येणं होतं.

वना झुलालच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "भाऊ बराबर बोली राहिना," त्यानं झुलालला दुजोरा दिला. "दुरपदाना पाय तू जाळा, माय."

भाऊ. वाटणीच्या दिवसापासून वनाच्या तोंडून हा शब्द कुणी ऐकला नव्हता. तानुबाईनं किती नवस केले होते की एकदा तरी हा त्याला भाऊ म्हणू दे. तिची पोरं आज एका बाजूला उभी होती, खांद्याला खांदा लावून, आणि समोर ती होती. तिला रडू आलं नाही. तिला त्या क्षणी दोघांचाही इतका तिटकारा आला की तिनं तोंड फिरवलं.

पुढचं सगळं त्यांनी बिनभांडणाचं ठरवलं. झुलाल म्हणाला, येत्या अमावास्येला ती माझ्या घरी नको, काय काय लपवेल सांगता येत नाही. वना म्हणाला, मग माझ्याही घरी का, मी एकट्यानं काय पाप केलंय? दोन्ही सुनांनी मान हलवली. पंचांना बोलवायचं ठरलं. आईच्या पाळीचा न्याय पुन्हा करायचा.

द्रौपदानं डोळे उघडले. तिनं भावांकडे पाहिलंसुद्धा नाही. कॉटच्या काठाला धरून ती एका पायावर उभी राहिली आणि आईला म्हणाली, "माय, लुगडं ले. चाल मनासंगे."

लेकीच्या सासरी तानुबाईनं आजवर पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता, घेत नाहीत. पार्वताबाई काय म्हणेल, गाव काय म्हणेल? आणि आखाजी? पुरण? आबांची घागर? द्रौपदा म्हणाली, घागरी दोन आहेत, भरणारेही दोन आहेत, भरतील. मला न्यायला तुमच्यापैकी कुणी आलं नाही असं समज. मीच तुला न्यायला आले. बोलताना तिच्या कपाळावर घाम डवरला होता, पाय ठणकत असणार, पण ती खाली बसली नाही.

तानुबाईनं पेटीतून दोन लुगडी काढली. रिकामा करंडा तिथंच राहू दिला. लेकीचा हात खांद्यावर घेतला आणि दोघी अंगणातून निघाल्या. स्टँडवर धुळ्याची गाडी मिळेल, धुळ्याहून पिंपळनेरची. थांबा म्हणायला कुणी आलं नाही.

गल्लीच्या वळणावर द्रौपदा दम घ्यायला थांबली, तेव्हा तानुबाईनं मागे वळून पाहिलं. दोघं भाऊ मोटरसायकलीशेजारी बसले होते. झुलालनं गाडी कलती धरली होती आणि वना चाकूनं नळीवरचं जळकं प्लास्टिक खरवडत होता. मधेच त्यानं हात पुढे केला आणि झुलालनं न विचारता त्याला पाना दिला.